कळशी कुणी धरलीय?

आलात का वहिनी नागपूरहून? बरं झालं. महिनाभर तुमचा कढीपत्ता मी भिंतीवरून हात घालून तोडतेय, आधीच कबूल करते. तुमच्या कुंड्यांनाही पाणी घातलंय हं, टँकर आला नाही ते दोन दिवस सोडून. या जरा इकडे भिंतीपाशी. तुमच्याकडे एक काम आहे, पण ते शेवटी सांगते. आधी हा हात बघा. हा, उजवा. काय दिसतं? काहीच नाही ना? पोळ्या लाटलेला साधा हात. पण हा हात आता अमेरिकेपासून जपानपर्यंत दुकानात लागलाय. हसू नका! बुडालेल्या बाईचा हात म्हणून लागलाय.

आमच्या वरच्या खोलीतला कोल्हापूरचा पोरगा आठवतोय ना, दिवसा झोपतो आणि रात्री दोनला कुकर लावतो तो? तुम्हीच म्हणाला होतात, काकू, हा नक्की करतो काय ते एकदा विचारा. विचारलं. नोकरी सोडून भुताचा व्हिडिओ गेम बनवतोय. एकटाच, दोन वर्षं. आई दर रविवारी मला फोन करून विचारते, जेवतो का नीट. स्थळ आलं की 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते बिचारी. भुतं विकतो असं कुठल्या तोंडाने सांगणार?

भूत मात्र आपल्या कात्रजचंच आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास आपल्या तळ्यातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी नेलं ना, ती नहर. आठ-दहा किलोमीटर, पंप नाही की काही नाही, नुसत्या उतारावर. वाटेत हवा मोकळी व्हायला दगडी उच्छ्वास, आणि पेठांत पोचली की काळा हौद, बदामी हौद. काही ठिकाणी आत माणूस उभा राहील एवढी उंच आहे म्हणतात. तर ह्याच्या खेळात एक मुलगी तळ्याच्या बाजूने त्या नहरेत उतरते आणि तिला अंधारातून वाड्यापर्यंत जायचंय. मी म्हटलं, अरे, मग बाहेर निघाल्यावर बाजीराव रोडची गर्दी लागेल, ते खरं भय.

खेळ जवळपास तयार आहे. अडलं होतं ते चित्रापाशी. म्हणजे पुस्तकाला मुखपृष्ठ असतं तसं ह्या खेळाला दुकानात लावायचं चित्र लागतं. दुकान म्हणजे स्टीम. मला कळलं ते असं, की ती कॉम्प्युटरच्या खेळांची तुळशीबाग आहे. शंभर डॉलर भरले की कुणालाही पथारी मांडता येते. २०२४ या एका वर्षात तिथे अठरा हजारांच्या वर नवे खेळ आले. त्यात गिऱ्हाईक चालत चाललंय आणि दोन्ही बाजूंना सगळ्यांच्या पाट्या. ते आपल्या पाटीकडे किती वेळ बघणार? पापणी लवेपर्यंत.

तर एका रात्री जेवायच्या वेळेला हा खाली आला, लॅपटॉप घेऊन. 'काकू, खरं सांगा हं, भीती वाटतीय का?' मी चष्मा लावला. काय नव्हतं त्यात! शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, वर पौर्णिमेचा चंद्र, चंद्रावर वटवाघूळ, खाली कवटी, पांढऱ्या साडीतली बाई, आणि काळ्यावर लाल अक्षरांत 'कात्रजच्या भुयारातील किंकाळी'. शिरोरेषेवरून रक्ताचे थेंब गळतायत. शेवटी कोपऱ्यात बारीक, 'काका मला वाचवा.' अहो, नारायणराव १७७३ साली गेला. अडीचशे वर्षं झाली, अजून पुण्यात कुणाला भुताची गरज लागली की त्या पोराला उठवतात. झोपू द्या की त्याला.

आमचे हे वरण-भात कालवत होते. त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, 'भेळ झालीय.'

तुम्हाला माहीतच आहे, ह्यांचा जन्म पाट्या रंगवण्यात गेला. दुकानांचे बोर्ड, टेंपोच्या पाठी, आणि तरुणपणी टॉकीजचे बॅनर. फ्लेक्स आला आणि ब्रश माळ्यावर गेले. त्यानंतर ह्यांना कुणी रंगातलं काही विचारलंच नव्हतं. त्या रात्री भात तसाच राहिला. म्हणाले, 'हे चित्र दुकानात केवढं दिसणार?' पोरगा म्हणाला, वेगवेगळ्या मापांत लागतं. उभं ६०० बाय ९००, आडवं मोठं, आणि सगळ्यात लहान ४६२ बाय १७४. 'ते पिक्सेल राहू दे. केवढं?' त्याने बोटांनी दाखवलं. जुनं पीएमटीचं तिकीट असायचं ना, तेवढं. हे म्हणाले, 'छाप तेवढं. आत्ता.'

छापलं. ह्यांनी ते फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि त्याला दारापर्यंत मागे नेलं. 'वाच.' पोरगा गप्प. किंकाळीच्या मुंग्या झाल्या होत्या. वाडा म्हणजे चपटी मिठाई, आणि पांढऱ्या साडीतली बाई म्हणजे कागदाला पडलेला डाग. बोर्ड वाचायला गिऱ्हाईक थांबत नाही, ते सायकलवरून जाता जाता वाचतं, हे ह्यांचं लग्न झाल्यापासूनचं वाक्य. मला पाठ आहे. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी ते वहीत उतरवून घेतलं.

मग सुरू झाली शाळा. काळ्यावर लाल का चालत नाही माहीत आहे? मला पस्तीस वर्षांच्या संसारात हे कळलं नव्हतं. दुपारी लाल अक्षर भडक दिसतं, पण उजेड कमी झाला की सगळ्यात आधी लाल मरतं, काळं होऊन बसतं. पाटी रंगवणारे म्हणून लालला पिवळी नाहीतर पांढरी बॉर्डर मारायचे. त्यात स्टीमचं पान स्वतःच गडद निळसर. त्यावर काळं चित्र ठेवलं की चित्राची कडच हरवते. भोक पडल्यासारखं दिसतं. पोरगा म्हणाला, 'पण काका, हॉरर म्हणजे काळं पायजेच की.' हे म्हणाले, 'पाहिजे. पण काळं दिसायलाही काहीतरी उजळ लागतं.' मग पोरानेच दाखवलं, स्वीडनच्या लोकांचा २०१७ चा एक खेळ आहे, लिटल नाइटमेअर्स. सगळीकडे अंधार आणि त्यात एवढंसं पोर, पिवळाधम्मक रेनकोट घातलेलं. बस. त्या पिवळ्याने अख्खा अंधार जिवंत केलाय. दुसरा एक लिंबो, २०१० चा. त्यात तर नुसती मुलाची काळी सावली आणि डोळ्यांचे दोन पांढरे ठिपके. त्याची मला खरंच भीती वाटली. कवटी बघून नव्हती वाटली.

आणि भूत पुढे उभं करायचंच नाही, ह्यावर दोघांचं वाजलं. पोरगा म्हणे, दोन वर्षं राबून भूत बनवलंय, दाखवू नको? तेव्हा ह्यांनी जुनी गोष्ट काढली. रामसे बंधूंच्या सिनेमाचा बॅनर होता, ह्यांनी वीस फुटी राक्षस रंगवला, दात, नखं, सगळं. लावला तर खाली पोरं उभी राहून हसायला लागली. मग ह्यांच्या उस्तादांनी शिडी लावून त्यावर काळा दरवाजा रंगवला, अर्धवट उघडा. आत राक्षसाचं एवढंसं बोट ठेवलं. त्यानंतर बाया रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या म्हणे. आता ह्यांचं सांगणं, त्यातला अर्धा दरवाजा तुम्ही खरा धरा. पण मला पटलं, कारण मला आपला बिबट्या आठवला.

नाही का, २०२४ च्या मार्चात आपल्या प्राणिसंग्रहालयातला बिबट्या पिंजऱ्यातून निसटला होता? दीडेक दिवस हाती लागत नव्हता. होता आवारातच. पण आपण काय केलं? तुम्ही गच्चीवरचे कपडे काढायला मला सोबत नेलंत. मी कचऱ्याची बादली दोन दिवस घरात ठेवली. आपल्या गल्लीत एकानेही तो पाहिला नव्हता वहिनी, आणि ज्या रात्री पाहिला नव्हता त्याच रात्री तो प्रत्येकाच्या जिन्याखाली बसलेला होता. एरवी तिकीट काढून बघायला जातो तेव्हा? जाळीमागे लोळत पडलेला असतो आणि आपण म्हणतो, उठत का नाही हा मेला! हे मी सांगितलं तेव्हा पोरगा माझ्याकडे असा बघत राहिला. मग वर जाऊन त्याने भूत पुसलं.

नावाचंही तसंच. एवढं लांबलचक नाव तिकिटात मावणार कसं? आणि दुकानाचा नियम असा, की चित्रात खेळाचं नाव सोडून दुसरं काही लिहायचं नाही. 'सर्वात भयानक' नाही, बक्षिसं नाहीत, तारे नाहीत, सवलत नाही. २०२२ च्या सप्टेंबरपासून बंद केलंय. दर्शनी चित्रात रक्तमांसही चालत नाही, कारण दुकानात सगळेच फिरतात. मला आवडला तो नियम. आपल्या चौकातल्या फ्लेक्सना लावला तर निम्मे उतरतील. म्हणून मी म्हटलं, अरे, धारपांची नावं बघ. आपल्या पुण्याचेच नारायण धारप. लुचाई, शपथ, चेटकीण. मतकरींचं खेकडा. तीन-चार अक्षरं, आणि उच्चारलं की काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं. तुंबाड घ्या! त्या सिनेमामागेही धारपांची गोष्ट आहे, आणि शूटिंग आपल्या सासवडच्या पुरंदरे वाड्यात. २०१८ ला आला तेव्हा फार चालला नाही, २०२४ ला पुन्हा लावला तर तिकिटं मिळेनात. म्हणजे आपली भुतं खपतात, उशिरा का होईना.

तर नाव झालं 'नहर'. हे खूश, कारण वर मात्रा नाही, खाली उकार नाही, शेजारी वेलांटी नाही. तीन सरळ अक्षरं, तिकिटातही वाचता येतात. पाटी रंगवणाऱ्याला असं नाव मिळालं की सणच. 'दृष्टिकोन' नावाचं चष्म्याचं दुकान रंगवताना ह्यांनी किती शिव्या दिल्या होत्या ते मी ऐकलंय.

चित्र कशाचं काढायचं, हे मात्र ठरेना. मध्ये पोराने त्या एआयकडून काढून आणलं. तसं केलं तर दुकानाला ते कळवावं लागतं, आणि पानावर तशी नोंद येते. ते जाऊ दे, चित्रच बघवेना. बाई नऊवारीत म्हणून सांगितलं होतं तर कासोटा पुढून घातलेला, आणि वाडा राजस्थानातला. हे म्हणाले, 'ह्या बाईला नहरेत उतरवण्याआधी कुणीतरी नेसायला शिकवा.' मग पोरालाही चेव आला. म्हणाला, आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, आपल्यालाही जमंल. आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स नावाच्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला, त्यात पहाडी लघुचित्रांवरून रंग घेतले. तशी आपणही आपली वस्तू शोधू.

वस्तू सापडली माझ्या स्वयंपाकघरात. कळशी. माझ्या सासूबाईंची, पितळेची, एका बाजूला पोचा आलेली. अंधारात पिवळी, म्हणजे त्या रेनकोटाचं काम झालं. आणि पाण्याची गोष्ट, म्हणजे ओढूनताणून आणलेली नाही. चित्र असं: काळ्या हौदाच्या तोंडातून दोराने एक कळशी वर येतेय. एवढंच दिसतं. मग नजर दुसऱ्यांदा जाते, आणि दिसतं की कळशीच्या बुडाला खालून एक हात लागलेला आहे. आधार दिल्यासारखा. वर ढकलतोय की खाली ओढतोय, ते बघणाऱ्याने ठरवायचं.

तो हा हात.

अहो, काय हाल झाले माझे! आमच्या जमिनीतल्या टाकीचं झाकण काढलं, वर काळी चादर धरली, हे टॉर्च घेऊन एका बाजूला, पोरगा कॅमेरा घेऊन उलटा, आणि मी पालथी पडून टाकीत दंडापर्यंत हात घातलेला. समोरून म्हाताऱ्या आजी चालल्या होत्या, त्या म्हणाल्या, 'काय पडलं गं?' काय सांगणार? आधी मी हौसेने डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. फोटो बघितला तर हे म्हणाले, हे डोहाळजेवण वाटतंय. तीनच ठेवल्या. त्यातली एक फुटकी, कड बाहेर आलेली. तरी हात जिवंतच दिसायचा. टॉर्च समोरून मारली की पोळपाटावरचा, वरून मारली की हळदीकुंकवाचा. हे सगळं होईतो अर्धा तास गेला आणि माझी बोटं पाण्यात सुरकुतून पांढरी पडली. अंघोळीला फार वेळ बसलं की होतात ना, तशी. पोरगा एकदम ओरडला, 'काकू, हलू नका!' टॉर्च एका बाजूने, पाण्याच्या पातळीला लागून. त्या सुरकुत्यांत सावल्या भरल्या आणि वहिनी, मला माझाच हात बघवेना. किती दिवस पाण्यात आहे ही बाई, असं वाटलं. तोच फोटो घेतला.

तरी काम संपलं नव्हतं. कळशी एवढी झळकायला लागली की आमच्या मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, 'सोन्याची जाहिरात हाय का? अक्षय तृतीयेची?' हे तिथेच बसले कपाळाला हात लावून. मग त्या पोराने चकाकी काढली, पितळेवर हिरवट कळा चढवली, बुडाला शेवाळ लावलं, पोचा पुढे फिरवला. दोन दिवसांनी पुन्हा मावशींना दाखवलं. काही सांगितलं नाही, नुसतं फ्रिजवर लावलं. त्या म्हणाल्या, 'कळशी हाय.' फडकं पिळलं. पुन्हा बघितलं. 'अगं बाई, खालनं कुणी धरलीया?' पोरगा बोलला नाही, पण जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला.

आता खरी गंमत ऐका, अक्षरांची. परदेशी लोकांसाठी इंग्रजीत नाव हवं, आणि ह्यांचा हट्ट की मराठीही हवं. पोराने आधी इंग्रजी अक्षरांनाच वर रेघ मारून आणली, परदेशातल्या इंडियन हॉटेलांच्या पाट्यांवर असते तशी. ह्यांनी तो कागद न बोलता उलटा ठेवला. मग रात्री जागून ह्यांनी स्वतः काढलं. माळ्यावरून ब्रश उतरवला, चोवीस वर्षांनी. इंग्रजी अक्षरं पायावर उभी असतात आणि आपली शिरोरेषेला लटकतात, हो ना? तर शिरोरेषा म्हणजेच पाण्याची पातळी. तिच्यावर इंग्रजी नाव उभं, आणि तिच्याखाली 'नहर' लटकतंय, पाण्यात प्रतिबिंब पडल्यासारखं, खाली खाली अंधुक होत गेलेलं. मी रात्री पाणी प्यायला उठले तर हे दिव्याखाली वाकलेले. मला बोलावलं नाही, पण कागद माझ्याकडे सरकवला.

भांडण झालं ते त्या तिकिटाएवढ्या मापावर. तिथे दोन ओळी मावेनात. पोराने इंग्रजी ठेवलं आणि मराठी काढलं. विकायचं तर आहे, काका. बरोबरच होतं त्याचं. हे दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. माझ्यामार्फत बोलणं चाललं होतं, चहा पण मीच वर नेऊन द्यायचे. तिसऱ्या दिवशी हे आपणहून म्हणाले, 'तिकिटावर राहू दे इंग्रजी. पण मोठ्या चित्रांत पाण्याखाली आमचं राहील.' तसंच ठेवलंय. हातही तिकिटावर नाही हं. तिथे नुसती कळशी आणि नाव. हात बघायचा तर दुकानात शिरायला हवं. उधारीची पाटी जशी दुकानाच्या आत असते तसं, असं हे म्हणतात. पटलं नाही मला, पण ह्यांचा मूड चांगला होता.

पान परवा लागलं. लगेच विकत मिळत नाही, 'लवकरच येत आहे' म्हणून निदान दोन आठवडे ठेवावं लागतं, मग लोक आपल्या यादीत टाकतात. पोराच्या आईचा फोन आला होता. तिला चित्र पाठवलं होतं त्याने. म्हणाली, भूत कुठंय ह्यात? मग दहा मिनिटांनी परत फोन. 'बाई, तो हात कुणाचा हो?' मी म्हटलं, माझाच. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'तुम्ही बऱ्या आहात ना?'

हां, तर तुमचं काम. खेळ सुरू होताना हौदातून एक हाक यायची आहे. किंकाळी नको, ती सगळेच घालतात. बाई खालून कुणालातरी नावाने बोलावतेय, एवढंच. पोराने माझा आवाज घेऊन बघितला, तो म्हणाला, काकू, तुम्ही जेवायला बोलावताय असं वाटतं. मग आज सकाळी घंटागाडी पुढे निघून गेली आणि तुम्ही गेटातून 'अहोऽऽ थांबाऽऽ' म्हणालात ना? तो वर दात घासत होता. ब्रश तोंडात तसाच धरून धावत खाली आला.

रविवारी चारला या. टाकीत वाकून तीनदा म्हणायचंय. आणि तोवर थंड काही पिऊ नका.